एम.एस्सी. गणित, दूरशिक्षणातून : विद्यापीठ खरं, बाकी सगळं खोटं

मी खासगी शाळेत गणित शिकवते. ज्युनियर कॉलेजवर जायचं तर एम.एस्सी. हवी, आणि नोकरी सोडून रेग्युलर करणं परवडणारं नव्हतं. आमच्या तालुक्यात एका क्लासवाल्याने परराज्यातल्या एका विद्यापीठाचं 'स्टडी सेंटर' थाटलं होतं. विद्यापीठ अस्सल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीतलं त्याचं नाव तो मोबाइलवर दाखवायचा, की पालकांपासून शिक्षकांपर्यंत सगळे गार. भिंतीवर डीईसीचं, म्हणजे दूरशिक्षणाला पूर्वी मान्यता देणाऱ्या परिषदेचं, मान्यतापत्र फ्रेम करून लावलेलं. डीईसी २०१३ सालीच बरखास्त झाली आणि दूरशिक्षणाचा कारभार यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोकडे गेला, हे तिथे कोण सांगणार?

खरी मेख पुढे आहे. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि त्या विषयाला, त्या सत्रासाठी दूरशिक्षणाची परवानगी असणं वेगळं. ब्युरोच्या संकेतस्थळावर ही यादी सत्रवार असते. आमच्या सत्राला त्या विद्यापीठापुढे गणित नव्हतंच! शिवाय राज्य किंवा खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रं काढता येत नाहीत, फ्रँचायझी तर कुणालाच देता येत नाही. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) केंद्रीय, त्याची गोष्ट निराळी. 'ऑनलाइन' पदवीला राज्याची हद्द नसते, पण तिची परवानगी स्वतंत्र लागते. एजंट घोळ घालतात तो इथेच. आता प्रवेशाआधी डीईबी-आयडी (याच ब्युरोचा विद्यार्थी ओळख क्रमांक) काढावा लागतो, तो स्वतः काढा; ओटीपी एजंटाला देऊ नका.

आणि शिक्षण? स्वाध्याय झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेले मिळायचे. रिअल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात व्याख्या लिहा, रिकाम्या जागा भरा. कॉम्पॅक्टनेस ही या विषयातली गाभ्याची संकल्पना, पण तिच्यावर एकही सिद्धता नाही. एम.एस्सी. गणिताचा पेपर सिद्धता मागत नसेल तर मागतो तरी काय? गुण मात्र भरघोस. म्हणून प्रवेशाआधी जुने पेपर मागा आणि इग्नूच्या पेपरांशेजारी ठेवून पाहा. ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पेपर दाखवायला कुणी का-कू करू लागलं, तर तिथूनच परत फिरा.

कागदपत्र पडताळणीत माझी पदवी अडकली. केंद्रवाला म्हणाला, "मॅडम, विद्यापीठाशी बोला." विद्यापीठ म्हणतं, असं केंद्र आमचं नाहीच. मग गुणपत्रिका कुणी छापल्या, याला उत्तर नाही. फीच्या पावत्या क्लासच्या नावाच्या, विद्यापीठाचा त्यावर शिक्कासुद्धा नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. याच केंद्रातून शिकलेल्यांनी पावत्या आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात, तक्रारीला जोडायला लागतील.