मसल की जुनी जीलिबसी? एका फाइलीत लिनक्स प्रोग्रॅम देताना

हिंजवडीत उबुंटू २२.०४ वर बांधलेला प्रोग्रॅम चाकणच्या कारखान्यातल्या सेंटओएस ७ वर नेला की बहुधा सुरूच होत नाही. कारण जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, इकडे २.३५, तिकडे २.१७. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. सेंटओएस ७ ची मुदत जून २०२४ मध्ये संपली, पण लाइन चालू असेपर्यंत त्या सर्व्हरला हात कोण लावतो?

पहिला मार्ग मसल, जीलिबसीऐवजी वापरायची छोटी सी लायब्ररी. ती स्टॅटिक लिंक करायची, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच बसवायची. सगळं एकाच फाइलीत, बाहेरून फक्त कर्नल लागतो. लायसन्स एमआयटी, त्यामुळे सोर्स बंद ठेवणाऱ्यांनाही अडचण नाही. रस्ट भाषेत तर कंपायलरचं टार्गेट बदललं की झालं. खरी मेख वेगात आहे. मसलच्या मॅलॉकमध्ये (मेमरी मागायचं फंक्शन) अनेक थ्रेड एकाच लॉकपाशी ताटकळतात. सतत मेमरी मागणारा प्रोग्रॅम सोळा कोअरवरही रखडतो. त्यावर मिमॅलॉक किंवा जेमॅलॉक हे वेगवान पर्याय लिंक करा, बराचसा फरक तिथेच भरून निघतो. मेमकॉपीचं (मेमरीतला डेटा कॉपी करणारं फंक्शन) मात्र तसं नाही: जीलिबसी प्रोसेसर पाहून एव्हीएक्स२ वगैरे वेगवान सूचना निवडते, मसलचं साधंच राहतं. शिवाय थ्रेडचा स्टॅक मुळात १२८ केबी, खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) असेल तर तो वाढवून घ्या.

दुसरा मार्ग, जीलिबसीच पूर्ण स्टॅटिक करावी का? माझ्या मते नको. होस्टचं नाव शोधायची वेळ आली की ती चालत्या मशीनवर नेमकी त्याच आवृत्तीची जीलिबसी शोधते. मग स्टॅटिक करून मिळवलं काय? वर तिच्या एलजीपीएल लायसन्सची अट: ग्राहकाला पुन्हा लिंक करता आलं पाहिजे.

तिसरा मार्ग, जीलिबसी डायनॅमिक (चालताना मशीनवरचीच घेतलेली) पण जुनी, बाकी सगळं स्टॅटिक. झिग भाषेसोबत येणाऱ्या सी कंपायलरला टार्गेटमध्येच २.१७ सांगता येतं, जुनं मशीन सांभाळावं लागत नाही. जीपीयू, प्लगइन, एलडॅप (कंपनीची सामायिक खाती) लॉगिन यांपैकी काहीही असेल तर हाच घ्या, कारण स्टॅटिक मसलमध्ये डीएलओपन, म्हणजे चालताना बाहेरची लायब्ररी उघडणं, चालत नाही. मसलवर उभ्या अल्पाइन लिनक्सवर मात्र हा प्रोग्रॅम सरळ चालणार नाही.

(गो भाषेवाल्यांनी सीगो, म्हणजे सी कोड जोडायची सोय, बंद करावी आणि चहाला जावं.)

कमांड लाइनचं छोटं साधन असेल तर मसल आणि मिमॅलॉक, डोळे झाकून. आणि कोणताही मार्ग घ्या, वेगाच्या हौसेपोटी 'मार्च नेटिव्ह' (-march=native, बांधणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी बांधायचा कंपायलरचा पर्याय) लावू नका. कारखान्यातला जुना झिऑन प्रोसेसर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागीच थांबेल. एक्स८६-६४-व्ही२ या जुन्या प्रोसेसरनाही चालणाऱ्या पातळीवर बांधा. जास्त राबणारी दोनचार फंक्शनं व्ही३ या वरच्या पातळीसाठी वेगळी बांधून चालताना निवडा.