माळढोक परत आणायचा, तर तारांवरच्या चकत्या पुरतील का?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी पुन्हा सोडायचा की नाही, हे ठरवताना गवताआधी विजेच्या तारा बघाव्या लागतात. म्हणून हे परीक्षण बर्ड डायव्हर्टरचं, म्हणजे विजेच्या तारेला लटकवायच्या फिरत्या चकतीचं.

रचना साधी: वर तारेला धरणारा स्प्रिंगचा चिमटा, मधे फिरती कडी, खाली चमकणाऱ्या पट्ट्या लावलेली चकती. दिवसा ती वाऱ्याने फिरून लकाकते, अंधारात मंद उजळत राहते. माळढोकाला याची गरज का? नर 15 किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं थोडंच दिसतं. उडता उडता मान खाली घालून जमीन न्याहाळली की तेवढंही जातं. तार दिसेपर्यंत एवढं जड अंग वळवायला जागाच उरत नाही. चकती साधारण 50 मीटरवरून दिसते. मिळते ती सवड तेवढीच.

माल ठीक आहे, घोळ बसवण्यात होतो. चिमटा तारेच्या जाडीचाच हवा. विजेच्या तारांचे प्रकार अशा नावांनी ओळखतात: वीझल 7.77 मिमी, रॅबिट 10.05, डॉग 14.15. रॅबिटचा चिमटा वीझलवर लावला, तर वाऱ्याने तो घसरतो आणि चकत्या तारेच्या झोळात मधोमध गोळा होतात. खांबाजवळची तार उघडीच. मोठ्या मनोऱ्यांवर सगळ्यात वरची अर्थवायर, म्हणजे जमिनीला जोडलेली संरक्षक तार, सगळ्यात बारीक असते. खालच्या जाड तारा चुकवायला पक्षी वर उठतो आणि तिलाच धडकतो. चकत्या तिथे लागतात. 11 केव्ही (किलोव्होल्ट) लाइनीवर त्या बाहेरच्या दोन तारांवर आलटून-पालटून लावाव्यात. प्रत्येक तारेवर 20 मीटरला एक धरली, तरी किलोमीटरला 100 होतात. राजस्थानात पोखरणजवळ चाचा ते धोलिया या साडेसहा किलोमीटरच्या पट्ट्यात 2020 मध्ये 1,813 लावल्या, म्हणजे किलोमीटरमागे जवळपास 280. माळढोकासाठी हाच दाटपणा धरावा.

उन्हाने पट्टी फिकी पडते. कडी झिजली की चकती गळते, चिमटा मात्र वरच राहतो. दुर्बिणीने तपासणी करताना चिमटे मोजू नयेत, चकत्या मोजाव्यात.

आता खरा प्रश्न. थारमध्ये तारांना धडकून वर्षाला सुमारे 18 माळढोक मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे, आणि मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. राजस्थानातल्या सम आणि रामदेवराच्या माळढोक प्रजनन केंद्रांत इतक्या कष्टाने वाढवलेली पिल्लं नुसत्या चकत्यांच्या भरवशावर सोडणं आम्हाला मान्य नाही. चकती धडका कमी करते, थांबवत नाही. सोडायच्या माळावरच्या आणि भोवतालच्या 11 व 33 केव्ही लाइनी आधी जमिनीखाली घ्याव्यात. ज्या उच्चदाबाच्या लाइनी पुरता येत नाहीत, त्यांच्यासाठी चकत्या जरूर घ्याव्यात. पण खरेदीच्या करारातच सुटे चिमटे, कड्या आणि वर्षातून दोनदा शटडाऊन घेऊन, म्हणजे लाइन बंद ठेवून, बदलण्याचं काम लिहून घ्यावं. एक फेरी पावसाळ्याआधी, म्हणजे विणीच्या ऐन हंगामात तार उघडी राहणार नाही.