कच्च्या टोमॅटोची चटणी: भाजून की परतून?

हिरव्या टोमॅटोची चटणी करायची हे ठरलं की खरा प्रश्न एकच उरतो. टोमॅटो वांग्यासारखे थेट जाळावर भाजायचे, की फोडी करून तेलात परतायचे? लसूण, मिरची, जिरं, तीळ किंवा दाणे, वरून फोडणी, हे दोन्हीकडे सारखंच, म्हणून त्याचं प्रमाण सांगत बसत नाही. ओव्हन असेल तर हा वादच नाही, ताटलीत मांडा आणि भाजा. माझ्याकडे नाही.

मी बरेच दिवस भाजणाऱ्यांच्या बाजूने होतो. चवीचंच बोलायचं तर आजही भाजलेली कांकणभर सरस आहे, हे आधीच कबूल करतो. कच्च्या टोमॅटोचा आंबटपणा जरा उघडा, धारदार असतो. धुराचा वास त्याला लागला की ती धार बसते आणि चटणीत तेल कमी असूनही ती खमंग लागते. खलबत्त्यात लसूण-मिरची कुटून त्यात भाजलेला टोमॅटो नुसता चेचला, तरी पहिल्या घासाला माणूस मान हलवतो.

पण ते भाजणं! पिकलेला टोमॅटो भाजला की त्याची साल सुटून येते. कच्च्याची येत नाही, ती गराला घट्ट धरून बसते. नखांनी ओरबाडली तर अर्धा गर तिच्याबरोबर जातो, आणि नळाखाली धरून काढली तर ज्या धुरासाठी एवढा खटाटोप केला तोच वाहून जातो. बरं, बाहेरून काळाकुट्ट झालेला टोमॅटो आत शिजलेला असेलच असंही नाही. कापून पाहावं तर मधला भाग पांढरट, करकरीत. तो तसाच वाटला की चटणीला एक तुरट, कच्चा वास राहतो, आणि मग आपण उगाच गुळाचा खडा वाढवत बसतो.

हेही मी चालवून घेतलं असतं. मला पद्धत बदलायला लावली ती बर्नरने. जाळीवर टोमॅटो ठेवला की आधी त्याचा हिरवा रंग मळकट होतो, मग देठाजवळ बारीक चीर पडते. त्या चिरेतून बियांभोवतीचा बुळबुळीत रस फुगून वर येतो, त्यात एखादी बी अडकलेली दिसते, तुम्ही चिमटा उचलेपर्यंत तो थेंब घरंगळतो आणि चर्र करून बर्नरवर पडतो. एका टोमॅटोचे असे चार-पाच थेंब, आणि अर्धा किलोत सात-आठ टोमॅटो. तो रस जळून असा घट्ट बसतो की फडक्याने निघत नाही. भोकं बुजली की ज्योत पिवळी आणि एका अंगाला वाकडी होते, भांड्यांची बुडं काळी पडू लागतात. एका रविवारी चटणी खाऊन झाली वीस मिनिटांत, आणि त्यानंतर मी पाऊण तास सुई घेऊन बर्नरची एकेक भोकं मोकळी करत बसलो होतो. जाळीखाली पत्रा ठेवूनही पाहिला. मग ज्योत टोमॅटोला लागत नाही आणि तो नुसता शिजतो. मग तेलात परतलेला काय वाईट?

परतण्यातही फसण्याच्या जागा आहेतच. बहुतेकांची परतलेली चटणी पांचट होते ती दोन कारणांनी: कढईवर झाकण ठेवतात आणि मीठ आधी घालतात. दोन्हींनी पाणी सुटतं, आणि टोमॅटो परतण्याऐवजी उकडतो. मी आता असं करतो: एका टोमॅटोच्या सहा-आठ फोडी, पसरट कढई, दोन चमचे तेल चांगलं तापलेलं, आच मोठी. फोडी कापलेल्या बाजूवर पसरायच्या आणि दोन-तीन मिनिटं त्यांना हातच लावायचा नाही. हे जमणं अवघड, कारण झारा हातात असला की तो आपोआप फिरतो. फोडींना तपकिरी डाग पडले की मगच उलटायच्या. आठ-दहा मिनिटांत काम होतं. त्या डागांत भाजल्याची चव पुष्कळशी येते. सगळी येते असं म्हणणार नाही, पण बर्नर साफ करावा लागणार नसेल तर माझी जीभ एवढं सोडायला तयार आहे.

कढई लोखंडी असेल तर फोडी झाल्या झाल्या ताटात काढा. आंबट पदार्थ लोखंडात राहिला की काळवंडतो आणि जिभेला लोखंडाचा वास लागतो. आणि मिक्सरमध्ये पूर्ण गार झाल्यावरच घाला, वाफ कोंडली तर झाकण उडतं. आधी तीळ किंवा दाणे कोरडेच भरड फिरवून घ्यायचे, मग टोमॅटो घालून बटण दोन-तीनदा नुसतं दाबून सोडायचं. सलग फिरवलं की गुळगुळीत लगदा, आणि मग ती चटणी राहत नाही. इथे भाजणारे खलबत्तेवाले हसतात, आणि ते हसणं रास्त आहे.

रंगाची अपेक्षा मात्र दोन्हीकडे ठेवू नका. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की हिरवा रंग शेवाळी होणारच. वाटताना मूठभर कोथिंबीर घातली तर जरा जीव येतो.

कडवटपणाचं खापरही पद्धतीवर फोडू नये. कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचं कडवट द्रव्य असतं. फळ तयार होत जातं तसं ते कमी होतं, पण विस्तवाने ते फारसं जात नाही, मग भाजा की परता. उपाय फळ निवडण्यात आहे. एक टोमॅटो मधोमध कापून पाहा. बिया सुरीखाली कापल्या गेल्या तर फळ अगदीच कोवळं आहे, ते बाजूला ठेवा. भोवती रस धरलेला असेल आणि बिया सुरीला चुकवून सरकल्या, तर ते हिरवं असलं तरी तयार आहे. चटणीला हेच हवं.

टिकण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा, की भाजलेली फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी पाणी सोडते आणि तिचा धूरही उतरतो. परतलेली चार दिवस बरी राहते, दाणे घातलेली तर दुसऱ्या दिवशी अधिक मिळून येते. तुमच्याकडे कदाचित वेगळं होईल. दोनच टोमॅटो असतील, लगेच खायची असेल आणि बर्नर दुसरं कुणी पुसणार असेल, तर खुशाल भाजा.

माझी जाळी अजून आहे. तिच्यावर आता फक्त वांगी भाजतो. वांगं गळलंच तर अगदी शेवटी गळतं, तोवर मी गॅस बंद केलेला असतो.