लिंक उघडली नव्हती, तरी ४८,५०० रुपये गेले

मुलाच्या मुंजीसाठी कर्वे रोडवरच्या कार्यालयाची उरलेली रक्कम भरायची होती. रात्री लॅपटॉप उघडला आणि बँकेचा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप केला. कुठल्या मेसेजमधली लिंक नाही, कुणाचा फोन नाही. पान नेहमीचंच दिसलं. पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ लिहून येत होतं, ते मी पाहिलंसुद्धा आणि सोडून दिलं. पासवर्ड टाकला, ओटीपी आला, टाकला. ‘चुकीचा ओटीपी’. दुसरा आला, तोही टाकला. पान नुसतं गोल फिरत बसलं.

मेसेज नंतर चष्मा लावून वाचले. पहिला ओटीपी पैसे पाठवण्यासाठी नवीन खातं जोडण्याचा होता, दुसरा पैसे पाठवण्याचा. मी फक्त सहा आकडे बघितले होते.

बँकेला कळवलं, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. १९,००० रुपये पुढच्या खात्यात अडवले गेले, बाकीचे तोवर निघून गेले होते. बायको म्हणाली, ‘तू नक्की काहीतरी दाबलं असशील.’ लॅपटॉप तपासून घेतला, त्यात काहीच निघालं नाही.

वरच्या मजल्यावरचा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. त्याने जेवणाच्या टेबलावर दोन फोन शेजारी ठेवले, एक आमच्या वायफायवर, दुसरा मोबाइल डेटावर. दोन्हीवर बँकेचा तोच पत्ता टाकला. डेटावरच्या पानावर बँकेची नवी जाहिरात होती. वायफायवरच्या पानावर दिवाळीची ऑफर, आणि आम्ही होतो फेब्रुवारीत! ‘काका, तुमचा लॅपटॉप ठीक आहे. वायफायचा राउटर फितूर झालाय.’

साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. हा पत्ता कुणाला विचारायचा, हे राउटर ठरवतो. आमच्या राउटरमध्ये ती नोंदच कुणीतरी बदलली होती. पेठेत पत्ता विचारावा आणि विचारलेल्या माणसानेच मुद्दाम भलत्या बोळात घालावं, तसं.

आणि आत शिरायला कष्ट कसले? वायफायचा पासवर्ड मी चांगला सोळा अक्षरी ठेवला होता. पण राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, हे मला पन्नाशीत कळलं. तो कंपनीने दिलेलाच होता, नाव आणि पासवर्ड दोन्ही: अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. शिवाय इंटरनेटवाल्याने बाहेरून सेटिंग उघडायची सोय चालू ठेवलेली, दर तक्रारीला जिने चढायला नकोत म्हणून.

पासवर्ड नीट असूनही सुटका होतेच असं नाही. राउटरच्या सॉफ्टवेअरमधली ‘मिसफॉर्च्युन कुकी’ नावाची चूक २०१४ मध्ये उघड झाली, तेव्हा ती १ कोटी २० लाख उपकरणांत सापडली होती. मूळ सॉफ्टवेअरवाल्यांनी ती २००५ मध्येच दुरुस्त केली होती, पण राउटर जुनंच सॉफ्टवेअर घालून विकले जात राहिले. आमच्यातलं २०१६ चं होतं, एकदाही अपडेट न केलेलं.

वरच्या मजल्यावरच्या मुलाने राउटर टाचणीने रिसेट केला, पासवर्ड बदलला, बाहेरून उघडायची सोय बंद केली. अपडेट शोधायला गेला तर कंपनीने ते मॉडेलच सोडून दिलेलं. मग नवा राउटर आणला.

इंटरनेटवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, ‘साहेब, सगळ्यांचं तसंच असतं.’ आमच्या इमारतीत बारा घरं आहेत. त्या रविवारी वरच्या मुलाला घेऊन दारोदार फिरलो. नऊ घरांत अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन चाललं.