आठ महिने ट्रेल शूज: काळ्या मातीत दोन स्टार, सिस्सूच्या बर्फात चार

पहिले सांगतो, ऑगस्टमधे यालाच दोन स्टार दिले होते, आता बदलून राहिलो.

जूनमधे सेलवर घेतले, २,८९९ ला. आमचं गाव परतवाड्याकडचं, पळायला पांदण रस्ता नाहीतर धुरे, म्हणून ट्रेलवाले घेतले आणि तिथंच फसलो. ५ एमएमचे लग (तळव्याचे रबरी दाते) म्हणजे काळ्या मातीची सोयच. पन्नास पावलं झाली की एकेका पायाखाली भाकरीएवढा चिखल. खिशात तुरीची काडी ठेवायचो, खरंच, दर दोनशे मीटरला थांबा, काडीनं एकेक फट कोरा, मग पळा, बाया निंदण सोडून पाहत राहायच्या. जुन्या चारशेच्या सपाट बुटाला एवढं चिकटत नव्हतं.

त्यात ऑगस्टमधे उजव्याचं सोल पंजाकडून उकललं. वॉरंटी तीन महिन्यांची, झाले होते दोन महिने आठ दिवस. चार फोन, पाच मेल, उत्तर काय तर नॉर्मल वेअर अँड टेअर, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्क्याचं कूपन. शेवटी मोच्याकडं गेलो. त्यानं सोल्यूशन लावून कडेनं जाड नायलॉनची शिलाई मारली, म्हणे डाव्याचंही जाईनच, आताच मारून घे. दोन्हीचे ऐंशी रुपये.

डिसेंबरात आत्येभावासोबत हिमाचलातल्या सिस्सूला गेलो, अटल बोगदा (९.०२ किमी) ओलांडला की लगेच येते. रात्री बर्फ पडला, सकाळी बाहेर पाहतो तर एकही पाऊल उमटलेलं नाही. इकडं २०१८ ला नागपूर ३.५ अंशावर गेलं तेव्हा आम्ही शेकोटी सोडली नव्हती, आणि मी तिथं उणे तापमानात पळायला निघालो.

घोट्यापर्यंत बर्फ, पायाखाली करकर आवाज, बाकी सगळं चूप. दोनशे मीटरवर सवयीनं थांबलो, तळवा वर करून पाह्यला तर लग मोकळे! काळी माती पाणी पिऊन फुगते अन् धरून बसते, हा कोरडा बर्फ दाबला जाते आणि पुढच्या पावलाला आपोआप गळून पडते. ज्या लगला चार महिने शिव्या घातल्या त्यानं उतारावर एकदाही पाय सरकू दिला नाही. तीन हजार मीटरच्या वर असल्यानं दम मात्र लवकर लागते, मी अर्धं चाललोच, पण पोट्ट्यासारखा हसत होतो एकटाच.

आता खोट. जाळीतून बर्फ आत जाऊन वितळते, वीस मिनिटात मोजे ओले. वॉटरप्रूफवाले दुप्पट किमतीचे, काऊन घ्यायचे? दुसऱ्या दिवशी मोज्यावर कॅरीबॅग चढवली, काम झालं. लेस गोठून काडीसारखी झाली, गाठ सोडायला तोंडाची वाफ द्यावी लागली. आणि गाड्यांनी दाबून काच केलेल्या बर्फावर हे लग काही कामाचे नाहीत, रस्ता ओलांडताना असा आपटलो की कंबर संक्रांतीपर्यंत दुखली. तिथं खिळेवाली चेनच पाहिजे.

शिलाईचा मात्र एक टाका हलला नाही. साइज एक नंबर मोठी घ्या, दोन मोजे मावतात. ते दहा टक्क्याचं कूपन अजून तसंच पडून आहे, मार्चपर्यंत चालते, कोणाला पाहिजे असेल तर सांगा.