पद्मिनीला नवी वायपर मोटर: माल ठीकठाक, कारागीर एक नंबर

नाना पेठेतून प्रीमियर पद्मिनीसाठी टू स्पीडची १२ व्होल्ट वायपर मोटर घेतली, ओरिजिनल नाही, लोकल मेक. भाव वाजवी, पण बॉक्समधे वायरिंगचा कागदच नाही, नुसत्या वायरी लोंबतायत. "सगळ्या जुन्या गाड्यांना बसते हो साहेब" दुकानदार म्हणे, प्रत्यक्षात ब्रॅकेटची भोकं जुळेनात, कानस मारून मोठी करावी लागली.

खरं काम केलं ते जवळच्याच ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी. टेस्ट लॅम्प घेऊन स्लो, फास्ट आणि पार्किंगची अशी एकेक वायर शोधली. ती पार्किंगची लय महत्त्वाची, कारण आपण स्विच बंद केला तरी मोटरच्या आतल्या कॉन्टॅक्टमधून करंट चालू राहतो आणि ब्लेड खाली येऊनच थांबतं, ती वायर सोडून दिली तर वायपर काचेच्या मधोमध उभा. अर्थसाठी (म्हणजे करंट बॉडीतून परत जायची वाट) बॉडीचा रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर वेगळी वायर टाकली, "जुन्या गाडीची निम्मी दुखणी अर्थचीच असतात" म्हणाले. आणि वायपरच्या दांड्या घाईघाईत नाही लावल्या, आधी मोटर चालवून पार्कला आणली, मगच. कोरड्या काचेवर तर बटण दाबूच देईनात, आधी पाणी ओता म्हणे!

फास्टवर थोडी घूं घूं करते, पण पद्मिनीत कुठला आवाज येत नाही सांगा. मोटरला ३ स्टार, काकांना ५. फ्यूज तेवढा चांगला बघून आपला आपण घेऊन जा, त्यांच्याकडे नेमका संपलेला असतो.