अक्षरांचे आणि भावनांचे खेळ : आठ महिने वर्गात वापरल्यावर

5 ते 6 वर्षांच्या 28 मुलांचा माझा वर्ग. आठ महिने रोज वीस मिनिटं खेळ घेतले. सुरुवातीला दोन डबे केले होते, एक अक्षरांच्या खेळांचा आणि एक भावनांच्या. आता दोन्ही मिळून एकच डबा उरलाय, आणि तेच मला मुख्यतः सांगायचंय.

पहिल्याच आठवड्यात जमला तो टाळ्यांचा खेळ. शब्द म्हणायचा, जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवायच्या. 'कमळ'ला मी तीन टाळ्यांची वाट बघत होते, आणि निम्म्या वर्गाने दोनच वाजवल्या : क-मळ. दोनदा दुरुस्त केल्यावर मी स्वतःच मोठ्याने म्हणून पाहिलं. खरंच दोनच तुकडे आहेत! शेवटच्या ळ मधला अ आपण उच्चारतच नाही. मुलं कानाने ऐकत होती, मी मात्र डोळ्यांसमोरचा लिहिलेला शब्द मोजत होते. तेव्हापासून टाळ्या दोन आणि फळ्यावर चौकोन तीन, असं दोन्ही वेगवेगळं ठेवते. लिहिताना अक्षर गाळण्याचं प्रमाण त्यानंतर बरंच कमी झालं.

बाराखडीसाठी सगळ्यात उपयोगी पडल्या गळ्यातल्या पाट्या. एकीच्या गळ्यात 'क'. बाकीचे काना, मात्रा, वेलांटी, उकार होऊन पळत येतात आणि आपापल्या जागी उभे राहतात. उकार पायाशी बसतो, मात्रा स्टुलावर चढते. 'कि'मधली वेलांटी उभी राहते क च्या आधी, पण तिचा आवाज येतो क च्या नंतर. वर्षानुवर्षं हे मी फळ्यावर समजावत आले. या खेळात वेलांटी झालेला मुलगा म्हणाला, "मी पुढे उभा राहतो, पण बोलतो नंतर." त्या दिवसानंतर वेलांटी उलट्या बाजूला काढणारी मुलं आपणहून थांबून हसायची आणि खोडायची.

जमिनीवर चिकटपट्टीने अक्षरं काढून त्यावर उड्या मारायचा खेळ दिसायला छान, पण माझं मत फारसं चांगलं नाही. घ-ध, म-भ, थ-य अशा फसव्या जोड्या मुद्दाम ठेवल्या होत्या. सगळी एकदम उडी मारतात तेव्हा मागची मुलं अक्षर बघतच नाहीत, पुढच्याचे पाय बघतात. एकावेळी दोघांनाच उभं केलं तरच उपयोग होतो, आणि मग बाकीचे कंटाळतात. शब्दांचं बिंगो मी दुसऱ्या महिन्यात बंद केलं. हरणारी मुलं दर वेळी तीच होती.

भावनांचा फासा मात्र चुकला. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी मांडलेल्या सहा मूळ भावनांचे चेहरे त्यावर होते : आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. पंधरा दिवसांत मुलं चेहरे ओळखायला आणि उत्तम नक्कल करायला शिकली. पण मधल्या सुट्टीत भांडण झालं की सगळ्यांचं उत्तर एकच, "मला राग आला." 'मला दुःख झालं' असं तर एकाही मुलाने कधी म्हटलं नाही. तो पुस्तकातला शब्द. त्यांना रडू येतं.

म्हणून चेहरे काढले आणि शब्द आणले : रुसलो, वैतागलो, हिरमुसलो, खट्टू झालो, लाज वाटली, हेवा वाटला. दाराचा खेळ त्यातूनच निघाला. एक जण शब्दाची पट्टी घेऊन दार वाजवतो. वर्ग विचारतो, "कोण आलं?" "राग आला." "कशाला आला? किती वेळ थांबणार?" उत्तरं दिली की पट्टी दाराला चिकटवायची, आणि गेला की काढायची. मराठीत राग येतो, त्यामुळे तो जातोही, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सांगायचं नसेल तर 'आज नाही' म्हणायची मुभा हवीच. ती मी उशिरा दिली, त्याआधी एक मुलगी दाराशी नुसती उभी राहून रडली होती. याची मला अजून टोचणी आहे.

वाचनाला खरा वेग आला तो या पट्ट्यांनी. एका दुपारी एका मुलाने कंपासपेटी भिरकावली. विचारल्यावर म्हणाला, "राग." मी पट्ट्या समोर मांडल्या. बोट फिरवत, अक्षर अक्षर जुळवत तो 'हिरमुसलो'पाशी थांबला. मित्र दुसऱ्या बाकावर बसायला गेला होता. मग त्याने कागदावर लिहिलं, 'मि हिरमसलो', आणि ती चिठ्ठी मित्राला नेऊन दिली. मी शुद्धलेखन सुधारलं नाही. मित्राने ती वाचली, दोघांना मिळून जवळपास एक मिनिट लागलं, आणि तो परत जागेवर आला.

चार मुलं अजून चिठ्ठीत चित्रच काढतात. ती मी घेते, खाली त्यांच्याच तोंडचा शब्द लिहिते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाचायला देते. पट्ट्या जाड पुठ्ठ्याच्या करा, कागदाच्या महिनाभरही टिकत नाहीत.